बाई, एक विचारू का?

वर्गात दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य माझ्या कानावर पडतं. आता पत्रांतूनही यायला लागलंय. करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 26 वर्षं शिकवते आहे, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काहींना इथं उत्तरं देते.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. सत्तावीस लिही म्हटलं की 72 लिहितो, पस्तीसला 53. रोज वीस-वीस वेळा लिहून घेतो, तरी दुसऱ्या दिवशी तेच. डोळे तपासून आणले, चांगले आहेत. कपिलतीर्थ मंडईत आमचा भाजीचा गाळा आहे, संध्याकाळी तो तिथंच बसून अभ्यास करतो. त्याला मारावंसं वाटतं, मग वाईट वाटतं. — एक वडील, मंगळवार पेठ

उत्तर : वीस वेळा लिहून घेणं आजपासून थांबवा. तुमचा मुलगा आळशी नाही आणि मठ्ठ तर मुळीच नाही. तो कानाला प्रामाणिक आहे.

‘सत्तावीस’ हा शब्द सावकाश म्हणून बघा. आधी ‘सत्ता’ येतो, मग ‘वीस’. कानावर सात आधी पडला, म्हणून हातानं सात आधी लिहिला. आपण बोलताना सुटे आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. मोठ्यांना सवयीनं हे जाणवत नाही, सात वर्षांच्या मुलाला मात्र प्रत्येक संख्येला ही कोलांटी मारावी लागते. त्यातून ‘एकोणतीस’ आला की आणखी गोंधळ. दरवर्षी माझ्या वर्गात दोन-तीन मुलं एकोणतीसला 39 लिहितात. त्यांना ‘एकोण’ म्हणजे शेवटी नऊ येतो हे कळलेलं असतं, पुढं ‘तीस’ ऐकू येतो, म्हणून तीन. तीसला एक कमी, हे त्या शब्दात दडलेलं आहे, आणि ते कुणीतरी उलगडून सांगावं लागतं. बरं, एकोणऐंशीपर्यंत ही रीत चालते, 89 ला एकोणनव्वदही म्हणतात आणि नव्याऐंशीही, आणि 99 ला तर एकोणशंभर कुणीच म्हणत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मराठी बुडाली म्हणून लोक बोलत होते. मी तेव्हाही वर्गात दोन्ही म्हणून घेत होते, आजही घेते. ‘वीस सात’ ही पायरी आहे. तिच्यावर पाय ठेवून मूल ‘सत्तावीस’वर चढतं. बाजारात त्याला सत्तावीसच ऐकायचं आहे, त्यामुळं तिथंच थांबून चालत नाही, पण पायरीच काढून टाकली की पोरं घसरतात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका मुलाची पाटी मी वर्गासमोर उंच धरली होती. “बघा, सत्तावीस असा लिहितात का?” म्हणाले. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. आजी गोठ्यात म्हैस धूत होती आणि हा उंबऱ्यावर डेअरीचं कार्ड घेऊन बसला होता. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून रोजच्या दुधाचं कार्ड तोच वाचून दाखवायचा. मी तिथं असतानाच आजीनं विचारलं, “आज फ्याट किती लागलं रं?” त्यानं कार्डावरच्या 7.2 वर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सात पॉइंट दोन.” सरळ, डावीकडून उजवीकडं, न अडखळता. मी तिथंच उभी राहिले. आकडे त्याला उलटे दिसत नव्हते. घोटाळा डोळ्यांत नव्हता, हातात नव्हता, नावात होता. आणि मी त्याला चाळीस मुलांपुढं उभं केलं होतं. त्याची मी माफी मागितली, आजीसमोर. पाटी उंच धरणं त्या दिवशी सुटलं ते कायमचं.

तुमच्याकडं तर गाळाच आहे, त्याहून चांगला वर्ग कुठला! दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी त्याच्यापुढं ठेवा. “सत्तावीस दे” म्हणा. तो दोन नोटा आणि सात नाणी काढेल, बहुतेक न चुकता. नोटा डाव्या हाताला आणि नाणी उजव्या हाताला मांडायला लावा. मग खाली कागदावर, नोटांच्या खाली नोटा किती तो आकडा, नाण्यांच्या खाली नाणी किती तो. रोज दहा मिनिटं, तेही गिऱ्हाईक नसताना. 72 लिहिलं तर ‘चुकलं’ म्हणू नका, “एवढे पैसे मांडून दाखव” म्हणा. सात नोटा मोजता मोजता तो स्वतःच थांबेल आणि तुमच्याकडं बघेल. त्या वेळी काही बोलू नका, त्यालाच खोडू दे.

दोन-तीन महिने हे करूनही फरक नाही, अक्षरंही सतत जागा बदलतात, वाचताना ओळ सुटते, असं असेल तर वर्गशिक्षकांना सांगून तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात झालेला आहे, आणि अशा मुलांना मदत मिळते. पण फक्त संख्या उलट्या होत असतील, तर मला तरी काळजीचं कारण दिसत नाही.

प्रश्न : बदलीमुळं आम्ही पुण्याहून कोल्हापुरात आलो. सहा महिन्यांत माझी पहिलीतली मुलगी “मी आलो”, “मी जेवलो”, “काय करालाईस” असं बोलू लागली आहे. शाळेत शुद्ध मराठीचा आग्रह का धरत नाहीत? — एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमच्या मुलीला मैत्रिणी मिळाल्या, ही पहिली बातमी आहे. सहा महिन्यांत एवढी भाषा आली म्हणजे ती मधल्या सुट्टीत एकटी बसत नाही.

आमच्याकडं बायका आणि मुली बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. ती या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, चूक नाही. मी स्वतः आईशी बोलताना ‘आलो गं’ म्हणते आणि वर्गात ‘आले’ म्हणते. मुलांनाही हे दोन्ही जमतं, फार लवकर जमतं, फक्त कुठं काय ते दाखवून द्यावं लागतं. लिहिताना ‘मी आले’ लिहायचं, हे मी दुसरीत शिकवते. पहिलीत नाही. पहिलीत मुलानं तोंड उघडणं महत्त्वाचं असतं. ‘बाई, माजी पेन्सिल न्हाई’ म्हणणाऱ्या पोरीला मी आधी ‘माझी’ आणि ‘नाही’ सुधारून दिलं, तर पेन्सिल हरवलेली राहते आणि पुढच्या वेळी ती काही सांगायलाच येत नाही. असं बंद झालेलं तोंड उघडायला मला एकदा दिवाळीपर्यंत थांबावं लागलं आहे.

माझ्या वर्गात एका भिंतीवर मुलांनी सांगितलेले घरचे शब्द लावलेले असतात. कालवण, बारकं, दांडगं, लगालगा. शेजारी पुस्तकातला शब्द. तुमच्या मुलीला पुण्याचे चार शब्द घेऊन पाठवा, तेही लावतील.

प्रश्न : राग मानू नका, पण शिक्षकांना पगार चांगला, सुट्ट्या भरपूर. साडेदहा ते पाच शाळा. चौथीपर्यंतच्या पोरांना शिकवायला असं काय कष्ट पडतं? — एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : राग नाही मानला. मागाजवळ बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारावा हे मला कळतं. म्हणून मागच्या मंगळवारचा दिवस जसा गेला तसा सांगते.

दहाला कुलूप काढलं. शाळेला शिपाई नाही, त्यामुळं झाडलोट आम्ही आणि मोठी मुलं मिळून करतो. साडेदहाला परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष. त्यात पहिलीतला एक जण दारात आईचा पदर धरून रडत होता. त्याला कडेवर घेऊन मी प्रतिज्ञा म्हटली. हजेरीला 31 पैकी 29. एकाच्या घरी फोन केला, ताप आहे म्हणाले. दुसऱ्याचा लागला नाही, म्हणजे संध्याकाळी जाताना डोकावायचं.

मग आहाराची उपस्थिती. पहिली ते पाचवीला मुलामागं 100 ग्रॅम तांदूळ, त्या हिशेबानं वजन करून स्वयंपाकी ताईंकडं दिला. मुलांना वाढायच्या आधी आपण चव घेऊन वहीत सही करायची. हे काम मी कधी घाईनं करत नाही. पोरांच्या पोटात जाणारं अन्न आहे. जेवून झालं की किती मुलं जेवली ते मोबाइलवर भरायचं.

या सगळ्यात पहिला तास मराठीचा होता. ‘र’ जोडाक्षरात चार तऱ्हेनं लिहितात, ‘सूर्य’ वेगळा, ‘चंद्र’ वेगळा, ‘राष्ट्र’ वेगळा, ‘तऱ्हा’ वेगळी. ते मुलांपुढं एकदम ओतायचं नसतं. मी चंद्र घेतला. फळ्यावर ‘चंद्र’ लिहून ती तिरकी रेघ काढली, तोच मागून आवाज आला, “बाई, दात!” एका मुलीच्या तळहातावर दात, ओठाला रक्ताचा थेंब, आणि चेहऱ्यावर एवढा अभिमान की विचारू नका. सगळा वर्ग उठला. दात वहीच्या कागदात गुंडाळला, वर तिचं नाव घातलं, चुळा भरायला लावल्या. मग प्रत्येकाला आपला हलणारा दात दाखवायचा होता. मी म्हटलं दाखवा, पण आधी सांगा, ‘दात’मध्ये ‘द’ आहे, ‘चंद्र’मधल्या ‘द’च्या पायाला काय लागलंय? त्या दिवशी चंद्र कुणी विसरलं नाही.

दुपारी निरोप आला, अमुक माहिती आजच्या आज पाठवा. तीन मुलांची आधारवरची आणि शाळेच्या नोंदीतली नावं जुळत नव्हती. त्यात पाऊण तास गेला. मी फळ्यावर दहा गणितं घालून टेबलाशी बसले, आणि जी मुलं अडली ती अडलेलीच राहिली. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी स्पष्ट लिहिते. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानुसार आम्हाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढीच शाळेबाहेरची कामं देता येतात. ती आम्ही करतो, तक्रार नाही. माहिती भरणं हे शाळेचंच काम, त्यामुळं ते या यादीत मोडत नाही, पण ते शिकवण्याच्या तासातून कापून घेतलं जातं. माझ्या 26 वर्षांत बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली विचाराल, तर ही.

पाचला शाळा सुटली. 29 वह्या घरी आणल्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी तासाला दोनच मिनिटं कमी, आणि नुसती बरोबर-चूक खूण करायची असेल तर दोन मिनिटं पुरतात. मूल कुठं अडलं हे बघायचं असेल तर नाही पुरत. येताना त्या दुसऱ्या मुलाच्या घरी गेले, तो मामाच्या गावी गेला होता.

मे महिन्याची सुट्टी मोठी असते, हे खरंच आहे. ती मी घेते आणि मला ती लागते.

प्रश्न : दुसरीतल्या मुलीला ट्यूशन लावावी का? — एक आई, गडहिंग्लज

उत्तर : नको. त्या वेळेत तिला खेळू द्या आणि रात्री झोपताना एक गोष्ट तिनं तुम्हाला वाचून दाखवू दे. अडखळली तरी तुम्ही मध्ये शब्द घालू नका.

प्रश्न : वडिलांचा 1960 च्या आसपासचा शाळेचा दाखला हवा आहे. नावात चूकही असावी. शाळेत गेलो तर बाई म्हणाल्या, आम्हाला दुरुस्ती करता येत नाही. अडवणूक वाटते. — एक वाचक, शिरोळ

उत्तर : अडवणूक नाही. जनरल रजिस्टर हे शाळेचं कायमचं दप्तर. त्यात शिक्षकाला आपल्या पेनानं एक वेलांटीसुद्धा बदलता येत नाही. लेखी अर्ज करा, अंदाजे साल, आजोबांचं नाव, त्या वेळचं राहतं गाव लिहा. नोंद सापडली की तिचा उतारा मागा. दुरुस्तीसाठी पुरावे जोडून वेगळा अर्ज करावा लागेल, आणि तो मुख्याध्यापकांमार्फत वरच्या कार्यालयाकडं जाईल.

शिरोळच्या माणसाला एक सांगते, तुम्हाला ते लगेच कळेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 43. तेव्हा मी होते त्या शाळेत पाणी शिरलं. जनरल रजिस्टरं आम्ही आधीच कपाटावर चढवली होती, तरी दोन खालून भिजली. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस पानापानात वर्तमानपत्राचा कागद घालून ती पंख्याखाली वाळवली. एक पान सोडवताना फाटू नये म्हणून आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो, कारण एका पानावर वीस-पंचवीस माणसं असतात. कुणाची तरी जन्मतारीख तेवढी तिथंच असते.

प्रश्न : माझ्या उसात बीडकडची ऊसतोडणीची टोळी आली आहे. त्यांच्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दिवसभर धाकट्या भावाला सांभाळते. गावातल्या शाळेत तिला घालता येईल का? दाखला, आधार काहीच जवळ नाही. टोळी मार्चमध्ये परत जाणार. — एक शेतकरी, हातकणंगले

उत्तर : दादा, पत्राची वाट बघायला नको होती. उद्याच घेऊन जा. दाखला नाही म्हणून, आधार नाही म्हणून, किंवा वर्षाच्या मध्येच आली म्हणून शाळेला तिला परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि वय सहा ते चौदा असलेल्या प्रत्येक मुलाला तो लागू होतो. आधी कधी शाळेत गेली नसली तरी वयाला जुळेल त्या वर्गात तिला बसवायचं.

अडचण कायद्याची नसतेच, धाकट्या भावाची असते. आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात आणि कोपीवर, म्हणजे त्यांच्या खोपटात, ही पोरं राहतात. माझ्या वर्गात अशी एक मुलगी कडेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ घेऊन आली होती. दारातच उभी राहिली, आत येईना. मी त्याला घेतलं आणि खडूचा तुकडा दिला. पुढचे तीन महिने तो फळ्याच्या खालच्या वीतभर पट्टीवर रेघा ओढत होता आणि ती वाचायला शिकत होती. झोपला की सतरंजीवर टाकायचो. गावात अंगणवाडी जवळ असेल तर त्याची तिथं सोय करा, ते जास्त चांगलं. पण ती होईपर्यंत बाईंना सांगा, भावासकट बसू द्या.

मुकादमाशी तुम्ही बोला. तुमचा ऊस आहे, तुमचा शब्द चालेल. एक कप चहा पाजून सांगा की पोरगी साडेदहा ते पाच शाळेत असणार. दुपारचं जेवणही तिथं मिळेल हे आईला आवर्जून सांगा, पुष्कळदा त्यानंच तिचं मन वळतं.

आणि टोळी परतायच्या आठवडाभर आधी शाळेला कळवा. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, त्यावर तिला काय येतं ते लिहून देतात, म्हणजे गावाकडच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत नाही. माझी ती मुलगी एका रात्रीत गेली. सकाळी कोप्यांच्या जागी नुसती राख होती. पत्रक माझ्या टेबलाच्या खणात तयार पडलं होतं, सही करून. ते पुढं मी पोस्टानं पाठवलं, पोचलं का ते कळलं नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया. तुम्ही-आम्ही त्यांच्या मुलखात राहतो, म्हणून फडातली मुलगी तुमच्या नजरेला टोचली असं मला वाटतं.

प्रश्न : मी नुकतीच शाहूवाडी तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत रुजू झाले. पट 14, चार वर्ग, शिक्षक दोन. माझ्याकडं पहिली आणि दुसरी एकत्र. एकाला शिकवताना दुसरा वर्ग गोंधळ करतो. ओरडून घसा बसला. — एक नवी शिक्षिका

उत्तर : माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते.

दोन वर्ग आहेत हे विसर. सात-आठ पोरं आहेत असं धर. त्यांना गोल बसव आणि तूही खाली बस, खुर्चीवर नको. गोष्ट, गाणं, मोजणी सगळ्यांना एकत्र घे, मग पहिलीला चित्र आणि दुसरीला त्याच गोष्टीतली तीन वाक्यं. दुसरीतल्या एकाला पहिलीतल्या एकाशी जोडून दे. जो शिकवतो त्याचं जास्त पक्कं होतं, आणि वाडीवरची पोरं घरी लहान भावंडं सांभाळतच असतात, त्यांना हे येतं. पहिल्या आठवड्यात रजिस्टरं बाजूला ठेवून संध्याकाळी एकेका घरी जाऊन ये. कुणाच्या घरी दिवा लागतो, कुणाचं घर ओढ्यापलीकडं आहे, कोण सकाळी जनावरं सोडून मग शाळेत येतो, हे कळलं की गोंधळ कोण करतं आणि का करतं ते तुझं तुलाच कळेल.

आणि तिकडचा पाऊस तुला अजून माहीत नाही. पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारच्या मुलाचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा अजिबात ओरडू नकोस. पाट्या काढायला लाव. तू फळ्यावर एक शब्द लिही, ते बघून त्यांनी त्याचं चित्र काढायचं. मग एकानं चित्र काढायचं आणि बाकीच्यांनी शब्द लिहायचा. न बोलता तासभर चालतं. मीही घसा बसल्यावरच हे शिकले. दोन जास्तीचे डस्टर आणि खडूची एक पेटी कोरड्या डब्यात घालून ठेव, जुलैमध्ये खडूसुद्धा सर्द होतात.